सहाव्या खुणेवरच्या टिकल्या

भारतकडे सांगायला एक गोष्ट होती आणि ती तो फार रंगवून सांगायचा. लग्नाच्या मांडवात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. गोष्ट अशी, की १९९८ साली तो केंदूरला नववीत असताना त्याच्या मामानं पुण्याहून टीव्ही गेम आणला. सोबत तीन कॅसेटी. दोन नेहमीच्या, उड्या मारायच्या आणि गोळ्या झाडायच्या. तिसरी कुणी घेईना म्हणून दुकानदारानं वरून दिलेली. तिच्यावर हातात कंदील घेतलेला एक म्हातारा होता आणि आत सगळं जपानी. पडद्यावर माणसं यायची, चौकोनात भराभर अक्षरं उमटायची, आणि आपण काय करायचं ते काही केल्या कळायचं नाही. पोरांनी दोन दिवस खटपट केली आणि कॅसेट कोपऱ्यात टाकली. पण भारतनं पिच्छा सोडला नाही. कुठली खूण म्हणजे दार, कुठली म्हणजे औषध, कुठली म्हणजे पळ, हे एकेक ताडून त्यानं वहीत उतरवलं, आणि जपानीतला ‘ज’सुद्धा येत नसताना सातातल्या पाच विहिरींपर्यंत, म्हणजे गेमच्या पाच टप्प्यांपर्यंत, मजल मारली.

“सातातल्या पाच!” असं म्हणून तो हाताचा पंजा पुढं करायचा आणि ऐकणारा हटकून म्हणायचा, “कमाल आहे बुवा.”

रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं क्वालिटीला होता. आलेला तुकडा गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावायचा. बसला तर निळ्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल. चुकीचा माल त्याच्या हातून कधी पुढं गेला नव्हता. दोन वर्षांसाठी जपानहून आलेले ओकुदासाहेब त्याला म्हणूनच मानायचे. सत्तेचाळीस वर्षांचे, मितभाषी, कँटीनमध्ये सगळ्यांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहणारे. एकदा जेवताना भारतनं त्यांना आपली गोष्ट सांगितली, तोडक्यामोडक्या इंग्रजीत.

ओकुदासाहेबांनी हातातली चपाती ताटात ठेवली. “कंदील?” त्यांनी विचारलं. “सात विहिरी?” मग खिशातलं पेन काढून कागदी रुमालावर त्यांनी सात गोल काढले आणि प्रत्येकाशेजारी काहीतरी लिहिलं. तो गेम त्यांनी दहाव्या वर्षी खेळला होता. “मला भाषा येत होती, तरी दोन महिने लागले,” ते म्हणाले. “आणि तुम्ही भाषेशिवाय.” त्यांनी उठून दोन्ही हातांत भारतचा हात धरला. अख्खं कँटीन बघत होतं.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या मासिकात लेख आला, ‘जपानी न येता सोडवलेला जपानी खेळ’. सोबत मशीनजवळ उभ्या भारतचा फोटो. आणि जानेवारीत ओकुदासाहेब सुट्टीवरून परतले ते एक खोकं घेऊनच. हातात धरून खेळायचं यंत्र, आणि त्यात तोच गेम, नव्यानं बनवलेला, इंग्रजीत. सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर ते म्हणाले, “हा गेम भारतात ना तेव्हा विकला गेला, ना आता. तरी एका माणसानं तो इथं खेळला. त्याचं राहिलेलं पुरं व्हावं.”

टाळ्या वाजल्या. भारतनं दोन्ही हातांनी खोकं घेतलं, वाकून नमस्कार केला, आणि मान वर न करता तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कारण ती कॅसेट भारतनं सोडवलीच नव्हती. सोडवली होती नकुशीनं.

नकुशी त्याच्या चुलत्याची तिसरी मुलगी. दोघींवर तिसरी मुलगीच झाली म्हणून हे नाव पडलं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच गेलं. भारतहून वर्षानं लहान. दोन्ही घरांचं अंगण एकच, त्यामुळे टीव्हीपुढं पोरं जमली की ती मागं येऊन बसायची. तिच्या हाती रिमोट कुणी देत नसे. कंदीलवाली कॅसेट पोरांनी टाकून दिल्यावर तिनं विचारलं, “दादा, मी बघू का ती? न्हाईतरी पडूनच हाय.”

मग ती रोज शाळा सुटल्यावर वही घेऊन बसू लागली. एक खूण दाबायची, काय होतं ते बघायचं, खूण वहीत काढायची आणि पुढं मराठीत अर्थ लिहायचा. जखम भरणाऱ्या मंत्राला तिनं ‘फुंकर’ नाव दिलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं भारतला हाक मारली.

“दादा, ही निळ्या झग्यातली बाई बघ. हिच्याशी बोललं का दरवेळी वीस खुणा दाखवती. दरवेळी येगळ्या. आन् गेम चालू करताना पयल्या पाटीवर बी वीसच घरं रिकामी हाईत.”

“मग?”

“मग हिनं दाखिवलेलं तिथं भरायचं. म्हंजी लाईट गेली तरी जिथं सोडलं तिथनं पुढं.”

भारतला पटेना. तिनं लाईट जाऊन परत येईपर्यंत वाट बघितली, वहीतल्या वीस खुणा एकेक शोधून घरांत बसवल्या, आणि गेम बरोबर आदल्या जागी उघडला. भारतच्या अंगावर काटा आला. तेव्हा त्याला खरंच आनंद झाला होता, हे तो पुढं स्वतःला पुष्कळदा सांगायचा.

महिन्याभरात नकुशी चौथ्या विहिरीपर्यंत पोचली. बघायला वाड्यावस्त्यांवरची पोरं येऊ लागली. तिसऱ्या गावात एका बंद विहिरीजवळ एक म्हातारा उभा असायचा. पोरं म्हणायची, हा दुकानदार. नकुशी म्हणाली, “न्हाई. ह्याचं कोणतरी विहिरीत गेलंय. बाकीचे फिरत्यात, हा एकाच जागी तोंड करून उभा हाय.” पोरं पडद्याकडं निरखून बघू लागली. आणि मग त्यांच्यातल्या बन्सीनं भारतच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “काय रं भारत्या, टीव्ही तुझा, गेम तुझा, आन् खेळती पोरगी. तू काय लाईटीची वायर धरायला का?”

सगळे हसले. भारतही हसला.

त्या संध्याकाळी चौथी विहीर संपली. नकुशीनं वीस खुणा उतरवल्या, तेवढ्यात तिच्या आईनं म्हशीला पाणी दाखवायला हाक मारली. वही उघडी, वर निळं पेन, तशीच टाकून ती पळाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. भारतनं वही ओढली. त्या जपानी खुणांपैकी काहींच्या डोक्यावर दोन बारीक टिकल्या असतात, काहींच्या नसतात, हे एव्हाना त्यालाही माहीत होतं. त्यानं आधी वीसच्या वीस खुणा आपल्या भूमितीच्या वहीत नीट उतरवून घेतल्या. मग नकुशीचं पेन उचललं आणि तिच्या वहीतल्या सहाव्या खुणेवर दोन टिकल्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा पोरं जमली होती. नकुशीनं खुणा भरल्या. गेमनं कर्कश आवाज केला आणि पाटी पुन्हा रिकामी झाली. तिनं परत भरल्या. परत तोच आवाज. तिसऱ्यांदा तिनं वही डोळ्यांजवळ धरून एकेक खूण बोटानं मोजत भरली. पोरांमधला म्हस्कू फिदीफिदी हसू लागला.

“थांब,” भारत म्हणाला, “मी बी उतरवून घेतलं व्हतं.”

त्यानं भूमितीची वही काढली, खुणा भरल्या आणि गेम उघडला. पोरांनी एकच गिल्ला केला. नकुशीनं त्याची वही आपल्या वहीशेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. “ह्या टिकल्या,” ती हळूच म्हणाली, “नसलेल्या टिकल्या मी कशा काय काढल्या?”

भारत पडद्याकडं बघत राहिला. नकुशीनं रिमोट त्याच्या पुढ्यात ठेवला. चार दिवस ती मागं बसली, मग यायची बंद झाली. तिनं शोधलेल्या खुणा भारतला तोंडपाठ होत्या, त्यांच्या जोरावर तो कसाबसा पाचव्या विहिरीशी गेला आणि तिथं जो अडकला तो अडकलाच. विचार करायला शेजारी कुणी नव्हतं. उन्हाळ्यात कॅसेट बंद पडली.

गोष्ट सांगताना तो सुरुवातीला ‘आम्ही’ म्हणायचा. पुण्यात डिप्लोमाला गेल्यावर ‘आम्ही’चं ‘मी’ झालं. कुठल्या दिवशी झालं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पुढं नोकरी लागली, शिरूरला घर झालं, लग्न झालं, मुलगी झाली. नकुशी केडगावजवळच्या एका वस्तीवर फुलशेती करणाऱ्या घरात पडली. दिवाळीला, लग्नकार्याला भेट व्हायची. मुलीला गोष्ट सांगताना भारत म्हणायचा, “नकुशीआत्यापण असायची हां, बघायला.”

आणि आता हे खोकं घरात आलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर समृद्धी, म्हणजे त्याची आठवीतली मुलगी, त्याला चिकटून बसली. बायको तेजश्री समोर मटार सोलत होती. गेम सुरू झाला. चित्रं नवी, देखणी होती, पण गावं तीच, वाटा त्याच. आणि पहिल्यांदाच त्याला समजत होतं, की ही माणसं इतकी वर्षं काय बोलत होती. निळ्या झग्यातली बाई आली. समृद्धीनं इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं, “ती म्हणतेय, नीट उतरवून घे, घाई करू नकोस, हवं तर मी परत दाखवते. किती प्रेमळ आहे ना पप्पा ही?”

“व्हय,” भारत म्हणाला. त्यानं घाईनं पुढचं बटण दाबलं.

त्याला वाटलं होतं, खेळायला लागलो की मजा वाटेल आणि बाकीचं मागं पडेल. मजा वाटत होती, तीच त्याला बोचत होती. नकुशीनं ‘दार’ म्हटलं होतं ते दारच होतं. ‘फुंकर’ला इंग्रजीत ‘ब्रीझ’ लिहिलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीनं एक अक्षर न वाचता ओळखलेलं दर चौकोनात खरं निघत होतं. दुसऱ्या रविवारी तिसरं गाव आलं आणि बंद विहिरीजवळचा म्हातारा आला. समृद्धी मोठ्यानं वाचू लागली. त्याची लेक पाणी काढायला गेली ती परत आली नाही. विहीर गावकऱ्यांनी बुजवली, पण तो रोज येऊन उभा राहतो, ती वर आली तर तिला घर सापडावं म्हणून.

समृद्धीनं वडिलांकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. “पप्पा, तुम्ही सांगायचात ना, तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं? वाचता येत नसताना? कसं काय कळलं?”

“डोळे दुखायला लागले,” भारत म्हणाला आणि त्यानं यंत्र बंद केलं.

चौथ्या विहिरीपर्यंत तो कसाबसा खेळला. त्यापुढं त्याचा हात चालेना. समृद्धीनं मात्र मासिकातल्या लेखाचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. काकांचे अंगठे आले, मावशीची फुलं आली. तासाभरानं नकुशीचं आलं. ‘अभिनंदन दादा. तुझं डोकं पहिल्यापासूनच हुशार. माझं तर तवाच चुकलं होतं.’

भारतनं ते चार-पाच वेळा वाचलं. त्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्यात टोमणा नव्हता.

पुढच्या रविवारी यंत्र पिशवीत घालून तो मोटारसायकलवर निघाला. न्हावरा गेलं, पारगावचा पूल गेला. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्यामागं तो मुद्दाम रेंगाळत राहिला. चौफुल्याला चहाला थांबला, पण चहा तसाच सोडला. एकदा तर त्यानं गाडी वळवलीही होती.

नकुशीचं घर शेवंतीच्या वावराला लागून. तिचा नवरा जालिंदर फुलं घेऊन मार्केटला गेला होता. सासू, साखरबाई, ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. नकुशी आत टेबलाशी. ती गावची आशा सेविका होती, समोर बाळांच्या वजनाचं रजिस्टर होतं. भारत दारात उभा राहिला तेव्हा ती बोटानं ओळ धरून पुटपुटत होती, “दोन किलो आठशे. दोन किलो आठशे. दोन किलो आठशे.”

ही तिची जुनी सवय. लिहिलेलं तीनदा तपासल्याशिवाय ती पान उलटायची नाही. नातेवाइकांत तिला ‘तीनदा नकुशी’ म्हणायचे. ते नाव आधी कुणी काढलं कोण जाणे, पण दोन-तीन लग्नांत भारतनंही त्यावरून सगळ्यांना हसवलं होतं. आज ते ऐकत तो दारातच उभा राहिला.

“अगं बाई, दादा! फोन तरी करायचा,” ती उठली. “बस की. वैनी न्हाई आली?”

“एकटाच आलोय. तुला कायतरी सांगायचंय.”

त्याचा चेहरा बघून ती थांबली. “घरी सगळं बरं हाय नव्हं?”

“बरं हाय.” तो खुर्चीच्या कडेवर बसला. वाटेत त्यानं जुळवलेलं सगळं विसरलं होतं. “नके, त्या कॅसेटीचं. त्या दिशी तुझ्या खुणा चुकल्या नव्हत्या. तू बरोबर उतरवल्या व्हत्या. तू म्हशीला पाणी दाखवायला गेलीस तवा मी तुझ्या पेनानं टिकल्या काढल्या. मग माझ्या वहीतलं भरून दाखिवलं.”

नकुशीनं उघडं रजिस्टर मिटलं. बाहेर साखरबाई कुणाशी तरी फुलांबद्दल बोलत होत्या.

“कुठल्या खुणंवर?” तिनं विचारलं.

“सहाव्या.”

“सहाव्याच,” ती म्हणाली. मग खाली बसली. “ती वही मी दहावीपतोर ठिवली व्हती, ठाऊक हाय? रोज काढून बघायची. पेन माझं, शाई माझी. मला वाटलं, माझ्या डोळ्यांत दोष हाय. आईच्या मागं लागून शिरूरला डोळं दाखवून आले. डॉक्टर म्हणला, डोळं चांगलं हाईत. मग वाटलं, डोक्यातच कायतरी हाय. जे नसतंय ते मी लिहिती.”

“नके...”

“दहावीला गणिताचा पेपर. उत्तर आलं व्हतं बरोबर. मला वाटलं, नसंल. खोडलं. परत केलं, परत तेच आलं, परत खोडलं. घंटा झाली तवा निम्मा पेपर कोरा.” ती हे रडवेल्या आवाजात सांगत नव्हती, रजिस्टरमधलं वाचून दाखवावं तसं सांगत होती. “पास झाले. पण मास्तर म्हणलं व्हतं शिकवा हिला पुढं, ते परत काय बोललं न्हाईत.”

भारतला वर बघवेना. “चुकलं माझं. तवा बन्सी बोलला, मला लागलं, आन्... मला माफ कर.”

“थांब जरा. माफीची घाई तुला हाय, मला न्हाई.” तिनं मिटलेलं रजिस्टर बाजूला सारलं. “आन् लग्नात ‘तीनदा नकुशी, तीनदा नकुशी’ करून हसायचास, ते?”

तोंड उघडलं तर काहीतरी खोटं निघेल असं वाटून तो मांडीवरच्या पिशवीशी चाळा करत राहिला.

साखरबाई चहा घेऊन आत आल्या. “भाऊ आलाय, आता जेवूनच जाऊ दे,” त्या सुनेला म्हणाल्या.

“त्याला जायचंय, आत्या,” नकुशी शांतपणे म्हणाली. साखरबाईंनी दोघांकडं बघितलं आणि कप ठेवून त्या बाहेर गेल्या.

“आणलंय का ते?” नकुशीनं पिशवीकडं बोट केलं. भारतनं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. पडदा उजळला तशी ती पुढं झुकली. चित्रं ओळखायला तिला क्षणही लागला नाही. “तिसऱ्या गावाला घे. त्या म्हाताऱ्याकडं.”

भारत तिथं गेला. म्हातारा बोलू लागला, भारत वाचून मराठीत सांगू लागला. पहिल्याच ओळीला तिनं हात वर केला.

“लेक व्हती ना?”

“व्हय. लेकच.”

“मला ठाऊक व्हतं,” नकुशी म्हणाली, आणि मग मात्र तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. “हे हितंच ठिव. चार्जर बी ठिव.”

“तुझंच हाय.”

“आन् त्या मासिकात जे छापलंय, ते?”

“सांगतो. सगळं सांगतो.”

“नाव नकुशीच टाक. सासरचं नको. आता नीघ.”

सोमवारी त्यानं मासिक काढणाऱ्या एचआरच्या साहेबांना गाठलं. साहेब हसून म्हणाले, “अहो, असं उलटं कोण छापतं? बहिणीचं नाव पाहिजे तर टाकू.” पुढच्या अंकात रक्तदान शिबिराच्या फोटोखाली दोन ओळी आल्या, की मागील अंकातील खेळ श्री. भारत यांच्या भगिनी नकुशी यांनी सोडवला होता. भारतनं टिकल्यांचंही लिहून दिलं होतं, ते साहेबांनी गाळलं. “एवढं कशाला?” म्हणाले. भारतनं हट्ट धरला नाही. आपल्याला हायसं वाटलं, हे त्याच्या लक्षात आलं.

ओकुदासाहेबांना मात्र त्यानं सगळं सांगितलं, टिकल्यांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग दिसला नाही, दुसरंही काही दिसलं नाही. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून नकुशीचं नाव विचारलं, स्पेलिंग पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लिहिलं. त्यानंतरही ते कँटीनमध्ये भारतच्या टेबलावर बसायचे, मालाच्या मापांविषयी बोलायचे. गेमविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते समृद्धीला सांगणं. तिनं मधेच विचारलं, “पण मग आत्याला परत का नाही खेळू दिलं? तुम्ही नंतर कधीही सांगू शकला असता ना?” तेजश्री म्हणाली, “अगं, लहान होते ते.” समृद्धी म्हणाली, “मोठे कधी झाले?” आणि दप्तर घेऊन आतल्या खोलीत गेली. पंधरा दिवस ती वडिलांशी कामापुरतंच बोलत होती. आत्याशी मात्र तिचं रोज बोलणं सुरू झालं.

भारतला नकुशीचे फोन यायचे ते वेगळेच. हॅलो नाही, कसा आहेस नाही. “दादा, ‘विदर्ड’ म्हंजी?” “सुकलेलं.” फोन बंद. दोन दिवसांनी, “‘ओथ’ म्हंजी?” “शपथ.” फोन बंद. कारखान्यात मोबाइल आत नेता येत नसे, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत पळत लॉकरशी जायचा, एखादा मिस्ड कॉल असेल म्हणून. जूनमध्ये फोन कमी झाले, जुलैत थांबले. ती मोबाइलवरच शब्द बघायला शिकली, असं समृद्धीकडून कळलं.

भाऊबीजेला ती येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. ती आली. पाट मांडला, ओवाळलं, करंजी भरवली, सगळं रीतीप्रमाणं. वहिनीशी गप्पा मारल्या, समृद्धीला कुशीत घेऊन बसली. दोघी कशावरून तरी डोकं डोक्याला लावून हसत होत्या. निघताना भारत तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

“संपला का गेम?” त्यानं विचारलं.

“गणपतीतच.”

“सातवी विहीर?”

“सातवी बी.”

“काय हाय गं शेवटाला?”

नकुशीनं पदर सारखा केला. जालिंदरनं गाडी सुरू केली होती. “त्ये न्हाई सांगणार मी तुला,” ती म्हणाली. रागानं नाही, आणि गमतीनंही नाही. मागं बसली आणि गाडी गेली.

डिसेंबरात ओकुदासाहेबांचा परत जायचा दिवस आला. निरोपाचा कार्यक्रम झाल्यावर ते मशीनांजवळ एकेकाला भेटत भारतच्या टेबलाशी आले आणि आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “गेम पुरा झाला?”

“झाला,” भारत म्हणाला. “बहिणीनं केला.”

“आणि तुम्ही?”

“मी नाही, साहेब. चौथ्या विहिरीपर्यंतच.”

ओकुदासाहेबांनी मान हलवली, नकुशीचं नाव लिहिलेल्या डायरीच्या खिशाला हात लावला, पण डायरी काढली नाही. ते पुढच्या टेबलाकडं गेले. लाइनवरून नवा क्रेट आला होता. भारतनं पहिला तुकडा उचलून गेजला लावला.